मालकाने काय विचारू नये?

गेल्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या अभ्यास-शिबिरात नोकरभरतीतील भेदभावावर बोलण्याची पाळी माझ्यावर आली. भाषण संपल्यावर एक जुने साथी उठले. गिरणी कामगारांत हयात घालवलेला माणूस. ते म्हणाले, “सर, इथे नोकऱ्याच नाहीत आणि तुम्ही मुलाखतीत काय विचारावे नि काय विचारू नये याचा काथ्याकूट करीत बसला आहात. ही सुशिक्षित मध्यमवर्गाची चैन आहे.” मंडपात हशा पिकला. मीही हसलो. वेळ संपली होती, म्हणून उत्तर तेथे देता आले नाही. ते येथे देत आहे.

साथींच्या आक्षेपातील पहिले विधान खरे आहे. निष्कर्ष मात्र त्यांनी उलटा काढला. जेथे जागा अधिक आणि हात कमी असतात तेथे उमेदवारही मालकाला चार प्रश्न विचारतो, आणि नको ते विचारले गेले तर उठून दुसऱ्या दाराशी जातो. जेथे एका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज येतात तेथे मालकाचा प्रश्न हा प्रश्न राहत नाही, हुकूम होतो. मार्क्सने जिला बेकारांची राखीव फौज म्हटले, ती केवळ मजुरीचा दर पाडीत नाही. कामगाराच्या घरात, त्याच्या भूतकाळात, इतकेच नव्हे तर त्याच्या शरीरात डोकावण्याची मुभाही ती मालकाला मिळवून देते. बेकारी वाढते तसतसा हा प्रश्न गौण होत नाही. तो अधिक धारदार होतो.

शरीरात डोकावण्याची गोष्ट मी अलंकार म्हणून लिहिलेली नाही. १९८९ साली दिल्लीतील एका विवाहित तरुणीने आयुर्विमा महामंडळात सहायक पदासाठी अर्ज केला. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, महामंडळाच्याच यादीवरील डॉक्टरने तपासून ती कामास योग्य असल्याचे सांगितले. मात्र त्याआधी तिला एक प्रतिज्ञापत्र भरावे लागले होते. त्यात विचारले होते : मासिक पाळी नियमित व वेदनारहित असते काय? आजवर गर्भधारणा किती वेळा झाली? त्यांपैकी किती पूर्ण दिवसांपर्यंत गेल्या? शेवटची पाळी कोणत्या तारखेस आली? सध्या गरोदर आहात काय? यापूर्वीचे बाळंतपण केव्हा झाले? गर्भपात झाला आहे काय? सहायकाने टेबलाशी बसून विम्याचे कागद हाताळावयाचे. त्या कामाशी या रकान्यांचा संबंध काय, हे कोणी सांगितले नाही. सप्टेंबरात नेमणूक झाली, जानेवारी १९९० मध्ये ती बाळंत झाली आणि १३ फेब्रुवारीस, परिवीक्षेचा काळ संपण्यापूर्वीच, तिला कामावरून कमी करण्यात आले. तिने पाळीची तारीख खोटी लिहिली, हा महामंडळाचा आरोप. उच्च न्यायालयाने तिची याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ऑक्टोबर १९९१ मध्ये तिला कामावर परत घेण्याचा आदेश दिला आणि खोट्या तारखेपेक्षा दोष त्या प्रतिज्ञापत्राच्याच स्वरूपात आहे, असे बजावले. हे रकाने स्त्रीला अपमानास्पद आहेत, ते काढून टाकावेत, असा निर्णय झाला.

येथे आपल्या लोकांनी क्षणभर थांबून विचार करावयास हवा. हा प्रश्न विचारणारा कोणी नफेखोर कारखानदार नव्हता. १९५६ साली राष्ट्रीयीकरण होऊन जन्मलेली, लोकांच्या मालकीची म्हणून आपण जिचा अभिमानाने उल्लेख करतो ती संस्था होती. मालकी बदलली म्हणजे मालकाची नजर बदलतेच असे नव्हे. धडा तेवढ्यावर शिकला गेला असेही नव्हे. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस स्टेट बँकेने नवे वैद्यकीय नियम काढले. तीन महिन्यांहून अधिक दिवस गेलेली उमेदवार ‘तात्पुरती अयोग्य’ समजावी आणि प्रसूतीनंतर चार महिन्यांच्या आत तिला रुजू होऊ द्यावे, असे त्यांत म्हटले होते. त्यापूर्वी सहा महिन्यांपर्यंतच्या गरोदर उमेदवारास घेण्याची मुभा होती. म्हणजे पाऊल मागे टाकले गेले होते. गदारोळ झाला, दिल्ली महिला आयोगाने नोटीस काढली, आणि २९ जानेवारी २०२२ रोजी बँकेने तो नियम स्थगित केला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालास तोवर तीस वर्षे होऊन गेली होती.

कोर्टाच्या दारी सारे मिळते असेही कोणी समजू नये. लग्न होताच स्त्री कामगाराची नोकरी संपुष्टात आणणारा मुंबईतील एका औषध कंपनीचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्येच अमान्य केला, तो कामगार संघटनेने लढा दिला म्हणून. एअर इंडियाच्या हवाई सुंदरीस पहिल्याच गर्भारपणात घरी पाठविण्याचा नियम १९८१ मध्ये रद्द झाला. पण त्याच निकालात, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करू नये हे बंधन न्यायालयाने योग्य ठरवले, हे आपले वक्ते सांगावयाचे विसरतात.

या सगळ्यावर मालकवर्गाचे आणि त्याच्या अर्थपंडितांचे उत्तर ठरलेले असते. करार स्वातंत्र्याचा असतो. मालकाने विचारावे, उमेदवाराने हवे तर उत्तर द्यावे, नको तर देऊ नये. मी पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले. या युक्तिवादाला उत्तर द्यावयास मार्क्सपर्यंत जाण्याचीही गरज नाही. बाजारवाद्यांचेच अर्थशास्त्र पुरेसे आहे. १९८१ साली सॅनफर्ड ग्रॉसमन आणि पॉल मिल्ग्रोम यांनी स्वतंत्रपणे एक साधी गोष्ट सिद्ध केली. ज्याच्यापाशी सांगण्यासारखे चांगले असते तो आपण होऊन सांगतो. म्हणून जो गप्प बसतो त्याच्यापाशी वाईट तेच असणार, असे समोरचा धरून चालतो. वस्तू विकणाऱ्या दुकानदाराच्या बाबतीत हे सोयीचे आहे. पण मुलाखतीच्या टेबलाशी हाच नियम लावून पाहा. “नुकतेच लग्न झाले का? मूल केव्हा?” या प्रश्नावर अविवाहित मुलगी पटकन ‘नाही’ म्हणते. जी गप्प राहिली तिचे मौनच उत्तर म्हणून लिहून घेतले जाते. म्हणजे उत्तर न देण्याचे स्वातंत्र्य हे कागदावरचे स्वातंत्र्य होय. एकीने उत्तर दिले की दुसरीचे मौन विकले गेले. प्रश्नच निषिद्ध ठरल्याखेरीज कोणालाही गप्प राहता येत नाही.

मालक हा प्रश्न विचारतो तरी का? त्याला बायकांचा द्वेष असतो म्हणून नव्हे. तो हिशेब करतो. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने बारा आठवड्यांची पगारी रजा दिली होती, २०१७ मध्ये ती पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे झाली. ही सुधारणा स्वागतार्हच होती. पण जेथे कर्मचारी राज्य विमा योजना लागू नाही तेथे या सव्वीस आठवड्यांचा सारा पगार एकट्या मालकाच्या खिशातून जातो. संसदेने टाळ्या वाजवून हक्क दिला आणि बिल फाडले ते नेमके त्या मालकाच्या नावाने, जो स्त्रीला कामावर घेईल. मग तो मुलाखतीत चौकशी करणार नाही तर काय करील? राज्य विमा योजनेत असे होत नाही. तेथे मालक सर्व कामगारांच्या वेतनावर, पुरुष असो वा स्त्री, ठरावीक टक्के वर्गणी भरतो आणि बाळंतपणाचा खर्च त्या सामाईक निधीतून होतो. स्त्री नेमल्याने वर्गणी वाढत नाही. परंतु या योजनेला वेतनाची मर्यादा आहे; २०१७ मध्ये ती मासिक २१ हजार रुपये करण्यात आली. त्यापलीकडची बँकेतली, शाळेतली, संगणक कंपनीतली स्त्री पुन्हा एकट्या मालकाच्या हिशेबात येते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५२ च्याच करारात लिहून ठेवले होते की, प्रसूतिलाभाचा खर्च कोणत्याही परिस्थितीत वैयक्तिकरीत्या मालकावर टाकू नये. भारताने तो करार मान्य केलेला नाही, २००० सालचा नवा करारही नाही. आमच्या संघटनांच्या मागणीपत्रकांत रजेचे आठवडे वाढवण्याची मागणी ठळक असते. खर्च कोणावर पडावा, ही ओळ मी क्वचितच वाचली आहे.

आता माझ्या जुन्या साथींच्या ‘मध्यमवर्गीय चैनी’कडे वळतो. बीड जिल्ह्यातून दर हंगामाला लाखो ऊसतोड कामगार बाहेर पडतात. तेथे अर्ज नाही, मुलाखत नाही. मुकादम आहे आणि उचल आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईने एक दिवस काम बुडवले की कोयत्यावर खाडा पडतो, आणि दंड उचलीतून वळता होतो. २०१९ मध्ये वर्तमानपत्रांतून ओरड झाल्यावर सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, पाहणी झाली. ऊसतोडीस जाणाऱ्या बीडच्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. डॉक्टरांचा धंदा, आरोग्यसेवेचा दुष्काळ, लहान वयातली लग्ने, ही सारी कारणे त्यात आहेत. मी ती नाकारीत नाही. पण दिल्लीच्या त्या तरुणीला छापील रकान्यातून जे विचारले गेले, तेच फडावर न विचारता विचारले जात होते. पाळी येते काय? खाडा पडेल काय? कैक बायांनी त्या प्रश्नाचे उत्तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर देऊन टाकले. याला चैन म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे.

स्त्रियांच्या प्रश्नापाशी मी अधिक रेंगाळलो, कारण तेथे पुरावा ढळढळीत आहे. जातीचा प्रश्न अधिक गुळगुळीत शब्दांत विचारला जातो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी धाडले आणि त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध केले. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जास बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश, मुसलमान नावाचे केवळ एक-तृतीयांश पडले. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन दिल्लीतील मोठ्या कंपन्यांच्या भरती-अधिकाऱ्यांशी बोलले. हे अधिकारी गुणवत्तेचा जप करीत आणि त्याच दमात उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ पाहणे कसे आवश्यक आहे तेही सांगत. वडील काय करतात, घरी कोण कोण शिकलेले आहे, गाव कोणते? यात जात हा शब्द कोठेच येत नाही.

हे मी परक्यांबद्दल लिहीत नाही. चाळीस वर्षांपूर्वी व्याख्यात्याच्या पहिल्या मुलाखतीस मी गेलो तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांनी अर्थशास्त्राचा एकच प्रश्न विचारला. नंतर विचारले, “मूळ गाव कोणते? म्हणजे तुम्ही कोणापैकी?” आणि शेवटी, “संस्थेच्या इमारत निधीला किती हातभार लावाल?” ती नोकरी मला मिळाली नाही. त्यात माझी मानहानी झाली, असे मी अनेक वर्षे मित्रांना रंगवून सांगत असे. पुढे मीच विषयतज्ज्ञ म्हणून निवड समित्यांवर बसू लागलो. एका मुलाखतीत समोरच्या तरुणाच्या आडनावाचा मला उलगडा होईना. मी आपुलकीच्या स्वरात विचारले, “आपले आडनाव फारसे ऐकण्यात नाही, कोणत्या भागातले?” त्या मुलाचा चेहरा क्षणात उतरला. तो काय समजला ते मला कळले, आणि मी खरोखर काय विचारले होते तेही. मी स्वतःला समाजवादी म्हणवत होतो. त्याची निवड झाली की नाही हे येथे महत्त्वाचे नाही. असे प्रश्न विचारण्यास दुष्ट माणसाची आवश्यकता नसते, खुर्ची पुरते.

तिसरा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांच्या घरचाच आहे. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात ‘आपणास कधी अटक झाली होती काय’ हा रकाना असतो. धरणे, रास्ता रोको, जमावबंदी मोडणे यांत नाव आलेल्या किती तरुणांची नोकरी या रकान्यापाशी अडली, हे आपल्या प्रत्येक तालुका शाखेला ठाऊक आहे. मध्य प्रदेशातील एका शिक्षकास सरकारी सेवेत सामावून घेतल्यानंतर पोलिसांच्या अहवालावरून १९७४ मध्ये काढण्यात आले. त्याचा अपराध एवढाच की, पूर्वी तो राष्ट्रीय स्वयंसेवक संघात आणि जनसंघात काम करीत असे. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी यांनी ही कारवाई घटनेच्या तत्त्वांस विसंगत ठरवली आणि अमेरिकेतील मॅकार्थीच्या काळाची आठवण करून दिली. त्या शिक्षकाचे विचार आपल्याला मान्य असण्याचे कारण नाही. पण तो निकाल आपलाही आहे. उमेदवाराचे राजकारण विचारण्याची मुभा एकदा मालकास दिली, की ती आपल्या विरोधकांपुरती राहत नाही. खाजगी कारखान्यात तर ‘आधीच्या कंपनीत युनियन होती का’ हा प्रश्न गप्पांच्या ओघात येतो आणि त्याची नोंद कोठे होते ते कधीच कळत नाही.

कायदा आहे, असे वकील सांगतील. आहे, पण ठिगळांचा. घटनेचे सोळावे कलम सरकारी नोकरीपुरते. १९७६ च्या समान वेतन कायद्याने भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करण्यास मनाई केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि ती मनाई वेतनसंहितेच्या तिसऱ्या कलमात जाऊन बसली. पण काय विचारू नये याविषयी ना तेव्हा एक शब्द होता, ना आता आहे. जून २०२४ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने वृत्त दिले की, श्रीपेरुंबुदुर येथील फॉक्सकॉनच्या आयफोन कारखान्यात विवाहित स्त्रियांना भरतीतून वगळले जाते. कंपनीने आरोप नाकारला, केंद्रीय श्रम मंत्रालयाने राज्याकडून अहवाल मागवला. असे प्रकरण निघाले की मालकास म्हणता येते : आम्ही हजारोंनी स्त्रियाच घेतो, भेदभाव कोठला? ‘विवाहित’ हा शब्द कायद्यात नाही. एच. आय. व्ही. बाधितांना १९९७ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने आणि पुढे २०१७ च्या कायद्याने संरक्षण मिळाले. त्यात नोकरीपूर्वी सक्तीची चाचणी निषिद्ध आहे. तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा कायदा खाजगी आस्थापनांनाही लागू आहे. मात्र जात, धर्म, वैवाहिक स्थिती, राजकीय मत यांबाबत खाजगी मालकास भरतीच्या वेळी विचारणारा सर्वसाधारण कायदा या देशात नाही. वस्तुतः सामाजिक मूळ आणि राजकीय मत यांवरून नोकरीत भेदभाव करू नये, हा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार भारताने १९६० मध्येच स्वीकारला आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोग सुचवला, माधव मेनन यांच्या गटाने त्याचा मसुदाही केला. पुढे काही झाले नाही. २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला खरा; पण २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ‘नोकरीच्या प्रयोजनासाठी’ माहिती हाताळण्यास संमतीचीही गरज ठेवली नाही.

विरोधी बाजूचा एक पुरावा मात्र प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण तो वजनदार आहे. अमेरिकेत गुन्हेगारी पूर्वेतिहासाचा रकाना अर्जातून काढण्याचे कायदे अनेक राज्यांनी केले. अमांडा एगन आणि सोन्या स्टार यांनी न्यू जर्सी व न्यूयॉर्क शहरात असा कायदा येण्यापूर्वी आणि नंतर सुमारे पंधरा हजार बनावट अर्ज धाडून पाहिले. त्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले : रकाना गेल्यावर गोऱ्या आणि काळ्या उमेदवारांतील तफावत घटली नाही, कित्येक पटींनी वाढली. विचारता येईना म्हणून मालक रंगावरून तर्क करू लागले. आमच्याकडचे बाजारवादी यावरून म्हणतील, प्रश्न विचारू द्या, तेच बरे. मी याचा अर्थ निराळा लावतो. प्रश्न बंद केला आणि प्रश्न विचारण्याचे कारण व अंदाज बांधण्याचे स्वातंत्र्य तसेच ठेवले, तर अन्याय दुसऱ्या खिडकीतून आत येतो. म्हणून बंदीबरोबर बाळंतपणाचा खर्च सर्व मालकांच्या सामाईक निधीवर गेला पाहिजे, वेतनमर्यादेविना. कोणास नाकारले याची नोंद मोठ्या आस्थापनांनी ठेवली पाहिजे आणि संशयास जागा दिसली तर निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार मालकावर पडला पाहिजे. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात नोकरी देऊ करण्यापूर्वी प्रकृतीची चौकशी करण्यास, काही अपवाद वगळता, मनाई आहे; देकार आधी, तपासणी नंतर. हा क्रम येथे आणण्यास पैसाही लागत नाही.

आणि आणखी एक. जर्मनीच्या संघीय श्रम न्यायालयाने असे तत्त्व रुजवले आहे की, जो प्रश्न विचारण्याचा मालकास अधिकारच नाही त्याचे उत्तर उमेदवाराने खोटे दिले, तरी त्या कारणावरून करार रद्द करता येत नाही. गरोदरपणाचा प्रश्न त्यात येतो. खोटे बोलण्याचा हा हक्क आमच्या सत्यवादी मंडळींना रुचणार नाही, हे मी जाणतो. पण दिल्लीच्या त्या तरुणीस दुसरा कोणता मार्ग उपलब्ध होता? आपल्या न्यायालयाने तिचे खोटे लज्जेपोटी क्षम्य मानले. जर्मन न्यायालय तिला क्षमा करीत बसले नसते, कारण त्याच्या लेखी तिचा अपराधच नव्हता.

शाखांनी एक काम ताबडतोब हाती घ्यावे. चाकण, वाळूज, बुटीबोरी, आपापल्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांचे आणि कंत्राटदारांचे भरतीचे अर्ज मिळवावेत. शाळा-महाविद्यालयांचे, पतपेढ्यांचे, इस्पितळांचेही. जेथे छापील अर्ज नाही तेथे मुलाखतीहून बाहेर पडलेल्या मुलामुलींना फाटकाशी गाठून काय विचारले ते शब्दशः लिहून घ्यावे, नाव न घेता. माझ्यासमोर या क्षणी आमच्या तालुक्याच्या रोजगार मेळाव्यात वाटलेला एक चार पानी अर्ज आहे. त्यात वडिलांचा व्यवसाय आहे, जात-पोटजात आहे, ‘विवाहित असल्यास अपत्ये व त्यांची वये’ आहे, मागील पगाराच्या तीन पावत्या जोडण्याची सूचना आहे. कामाचे तास, पगार आणि कायम होण्याची मुदत यांविषयी कंपनीने चारही पानांत काहीही लिहिलेले नाही.